फडावर गेलेल्या बाळांची नोंद

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका गावात मी गेली २२ वर्षे अंगणवाडी सेविका म्हणून काम करते आहे. दिवाळी झाली की आमच्या गावातील निम्म्याहून अधिक घरांना कुलूप लागते. नवराबायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाने आगाऊ दिलेली उचल, आणि ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा थेट कर्नाटकातील साखर कारखान्याच्या फडावर ऊसतोडीसाठी मुक्काम, असा हा दरवर्षीचा हिशेब आहे. शाळेत जाणारी काही मुले आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण अंगावर पिणारे लेकरू आईबरोबरच जाते. म्हणजे मान धरण्यापासून दोन शब्द जोडून बोलण्यापर्यंतचा, सर्वांत बारकाईने पाहावा असा जो काळ, त्यातील जवळजवळ निम्मा काळ ते बाळ माझ्या नजरेआड, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत असते. अशा बाळाचे टप्पे पाहायचे कोणी, हा प्रश्न माझ्यापुढे अनेक वर्षे होता, आणि खरे सांगायचे तर तो प्रश्न आहे हेच मला फार उशिरा कळले.

ते कळले एका मुलीमुळे. २०१५ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आमच्या अंगणवाडीत तपासणीसाठी आले होते. हे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. पथकातील डॉक्टर मॅडमनी साडेतीन वर्षांच्या एका मुलीच्या मागे उभे राहून टाळी वाजवली आणि मुलगी वळली नाही. पुन्हा वाजवली, तरी ती पाटीवर रेघा ओढतच राहिली. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली आणि दोन्ही कानांनी तिला फारच थोडे ऐकू येते हे सिद्ध झाले. मी घरी येऊन तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाची माझ्याकडची नोंद काढली. ‘आवाजाच्या दिशेने मान वळवते’ या चित्रासमोर बरोबरची खूण होती आणि ती माझ्याच हातची होती. मी तिच्या आजीला उंबऱ्यातून विचारले होते, आवाजाकडे बघतं का लेकरू, आणि आजी म्हणाल्या होत्या, समदं करतंय बघा. मुलगी पावलांच्या हादऱ्याने आणि सावलीने वळत असे, त्यामुळे आजी खोटे बोलल्या नव्हत्या. मी मात्र न पाहता खूण केली होती. त्या मुलीला श्रवणयंत्र मिळाले, ती आता शाळेत जाते, पण भाषा शिकण्याची जी पहिली तीन वर्षे असतात ती तिला मिळाली नाहीत, आणि त्यात माझा वाटा आहे हे मी मान्य करते.

त्यानंतर मी गृहभेटीतील माझे प्रश्नच तपासू लागले. ‘करतं का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ येते. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना कोणतीही सून ‘नाही’ म्हणत नाही, कारण मूल मागे पडले तर बोल आईलाच लागतो. तिने गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, याची उजळणी सुरू होते. शिवाय पहिलटकरणीने दुसरे बाळ इतक्या जवळून पाहिलेलेच नसते, त्यामुळे आपले बाळ जे करते तेच सगळी बाळे करत असणार असे तिला वाटते. म्हणून मी प्रश्न बदलला. “काल वाटी दिली तेव्हा त्यानं काय केलं?” असे विचारल्यावर आई आठवू लागते, हातवारे करून दाखवू लागते, आणि कधी कधी थांबून म्हणते, “दिलीच नाही ताई, आता देऊन बघते.” ती देऊन पाहते तेव्हाच खरी तपासणी होते. आईने किंवा बापाने माझ्यासमोर स्वतः करून पाहिल्याशिवाय कार्डावर खूण करायची नाही, हा नियम मी स्वतःपुरता केला आणि त्यामुळे माझ्या गृहभेटी लांबल्या. बैठकीत वजन किती, उंची किती, मोबाइलवर भरले का, एवढेच विचारले जाते. टप्प्यांच्या पानाबद्दल मला आजवर फारच क्वचित कोणी विचारले आहे. तरीही हा वेळ मला वाया गेला असे वाटत नाही.

फडावर गेल्यावर मात्र आईसमोर मी नसते. तिथे तिला मार्ग दाखवणारे काहीतरी तिच्याजवळ हवे होते. कार्ड तिच्याजवळ असतेच आणि त्यातील चित्रे चांगली आहेत, पण त्यावर वय महिन्यांत लिहिलेले असते आणि आमच्याकडे वय महिन्यांत मोजत नाहीत. पोळ्याला पालथा पडला, दिवाळीला बसायला लागला, संक्रांतीला बोरन्हाण घातले तेव्हा रांगत होती, असे सांगतात. आणि हे सणांचे सांगणे अगदी पक्के असते, त्यात आठवड्याचीही चूक नसते. एका प्रशिक्षणात आम्हाला तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने तयार केलेला तक्ता दाखवला होता. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी त्यात फक्त १७ गोष्टी आहेत आणि प्रत्येक गोष्टीसमोर एक आडवी पट्टी आहे. शंभरातील तीन बाळे ज्या वयात ती गोष्ट करू लागतात तिथे पट्टी सुरू होते आणि ९७ बाळे करू लागलेली असतात तिथे ती संपते. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची, आणि पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण संपलेल्या पट्टीतील एखादी गोष्ट बाळ करत नसेल तर त्याला तपासणीला पाठवायचे. मला त्यातील पट्टीची कल्पना फार आवडली, कारण बाळाचा टप्पा म्हणजे एक तारीख नसून ऐसपैस मुदत आहे, हे ती डोळ्यांना दाखवते.

मी कार्डातील टप्पे घेतले आणि जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक बाळाची वेगळी पट्टी आखायला सुरुवात केली. वर सणांची चित्रे काढली: पोळ्याचा बैल, दिवाळीची पणती, संक्रांतीचे सुगड, होळी, गुढी. ज्येष्ठात जन्मलेल्या बाळाचा बैल तिसऱ्या महिन्यापाशी येतो आणि भाद्रपदात जन्मलेल्याचा थेट वर्ष भरत आल्यावर येतो, म्हणून प्रत्येक बाळाची पट्टी वेगळी करावी लागते. सणांखाली टप्पे आखले: मान धरणे, आवाजाकडे वळणे, पालथे होणे, वस्तू या हातातून त्या हातात घेणे, आधाराशिवाय बसणे, चिमटीत दाणा उचलणे, हाक मारली की पाहणे, धरून उभे राहणे, पाऊल टाकणे, एक शब्द अर्थाने बोलणे. पट्टी जिथे संपते तिथे लाल रेघ मारली. बाळाने गोष्ट केली की त्या दिवसाच्या जागी कुंकवाचा ठिपका लावायचा, त्यामुळे लिहितावाचता न येणाऱ्या आईलाही अडचण राहिली नाही. पट्टीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली, कारण कोपीत पाणी गळते, आणि ती रेशनकार्ड व लसीकरणाचे कार्ड असलेल्या पिशवीतच ठेवायला सांगितली.

दसऱ्यानंतर, गाड्या भरण्याआधी, मी पालकांचा मेळावा घेते. पहिल्या वर्षी फक्त बाया आल्या. दुसऱ्या वर्षी मी पुरुषांना वेगळा निरोप धाडला की फोन तुमच्याजवळ असतो, चित्रफीत तुम्हीच काढणार आहात, तेव्हा तुम्हाला शिकायला यावे लागेल. आणि सात-आठ बापे आले. साहित्य घरातलेच असते. एक स्टीलची वाटी, तुरीचे दाणे घालून घट्ट झाकण बसवलेली डबी, लाल लोकरीचा गोंडा, अंथरायला गोधडी आणि चिमटीसाठी मुरमुरे, तेही आईचे डोळे बाळावरून हलणार नसतील तरच. बापाने बाळाच्या मागे बसून डबी वाजवायची, समोरून नाही, कारण समोरून वाजवली तर बाळ हात हललेला पाहून वळते आणि कानाची परीक्षा होतच नाही. हे मी दोनदा, तीनदा करून दाखवते, आणि ते करताना मला ती साडेतीन वर्षांची मुलगी आठवल्यावाचून राहत नाही.

तिसऱ्या वर्षी माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. पहाटे चारला आईबाप फडात जातात तेव्हा बाळ कोपीत कोणाजवळ असते? सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. दिवसभर बाळाला पाहणारी तीच असते. तिने शाळेत असायला हवे याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि तिला गावात ठेवण्यासाठी शाळेतील गुरुजी व मी दरवर्षी घरोघर फिरतो, पण जी जातेच तिला निदान बाळाकडे पाहायला शिकवावे म्हणून मेळाव्यात मी अशा मुलींनाही बसवू लागले. त्यांच्याइतके अचूक निरीक्षण मोठी माणसे करत नाहीत. “आमचं बाळ ना, वाटी घेतं पण सोडत नाही,” असे एक सहा वर्षांची मुलगी मला सांगून गेली. वस्तू मुद्दाम सोडणे हा धरण्याच्या नंतरचा टप्पा आहे हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

आता ज्या बाळामुळे हे लिहावेसे वाटले त्याच्याबद्दल सांगते. त्याला मी इथे सोनू म्हणेन. सोनू ज्येष्ठात जन्मला, दिवस पूर्ण भरून, वजन अडीच किलोच्या वर. दिवाळीनंतर आईबाप आणि आठ वर्षांच्या बहिणीबरोबर तो पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्यावर गेला तेव्हा पाच महिन्यांचा होता. मान धरली होती, हाक मारली की हसत होता, पालथा होत होता. त्याची आजी कौतुकाने सांगायची की लेकरू सगळे उजव्या हातानेच घेते, डावा पुढे करतच नाही, मोठ्या नशिबाचे आहे. ते ऐकून मीही हसले होते.

संक्रांतीच्या आधी चार दिवस सोनूच्या आईचा फोन आला. ती म्हणाली, “ताई, वाटीचं जमत नाही. उजव्या हातात वाटी असली ना, तर डाव्यात घेतच नाही. डावी मूठ तशीच मिटलेली.” मी तिला सांगितले की बाळाचा उजवा हात अलगद तुझ्या मुठीत धर आणि डाव्या बाजूने वाटी दे. सोनूच्या बापाने संध्याकाळी चित्रफीत पाठवली. कोपीच्या दारातल्या उजेडात सोनू आईच्या मांडीवर होता. उजवा हात धरलेला. वाटी डावीकडे, अगदी बोटांना लागेल अशी. सोनूने वाटीकडे पाहिले, सबंध अंग तिच्याकडे वळवले, उजवा हात सोडवण्यासाठी धडपडला, रडकुंडीला आला, आणि डावा हात कोपरात वाकलेला, अंगठा मुठीच्या आत, तसाच छातीशी राहिला. ही चित्रफीत चाळीस सेकंदांची होती. मी ती पाच-सहा वेळा पाहिली आणि मग दसऱ्याच्या मेळाव्यातील माझी वही काढली. ‘मुठी उघड्या राहतात’ यापुढे मी खूण केलेली होती. त्या दिवशी वजनाची रांग लागली होती, मी त्याचा उजवा तळहात पाहिला होता आणि डावा पाहिलाच नव्हता.

बाळ साधारण दीड वर्षाचे होईपर्यंत दोन्ही हात सारखेच वापरते. मूल उजवे आहे की डावखुरे हे नंतर ठरते. त्याआधीच ते एकच हात पुढे करत असेल तर प्रश्न वापरात असलेल्या हाताचा नसतो, दुसऱ्या हाताचा असतो. हे मला माहीत होते, प्रशिक्षणात शिकवले होते, पण आजीच्या तोंडून ते कौतुकाच्या रूपाने आले तेव्हा मला ओळखता आले नाही. म्हणून आता कोणी बाळाचे कौतुक सांगू लागले की मी ते सुटू देत नाही. फार शहाणे आहे, रडतच नाही. एकटेच खेळते, कोणाची गरज लागत नाही. जन्मापासूनच पाय कसे ताठ, उभे राहण्याची घाई आहे. यातील बहुतेक कौतुके खरीच निरोगी बाळांची असतात, पण काहींच्या आड शोधायची गोष्ट असते.

सोनूला दाखवायचे तर त्याच्या आईबापाला खाडा करावा लागणार होता, आणि खाडा म्हणजे मजुरी बुडून वर मुकादमाकडून कपात. तरी बाप तयार झाला. जवळच्या बाजारगावातील एका दवाखान्यात त्यांना सांगण्यात आले की काही नाही, उजव्या हाताचा आहे, मोठा झाला की होईल ठीक. पूर्वीची गोष्ट असती तर ते तिथेच संपले असते, कारण डॉक्टरने सांगितल्यावर कोण बोलणार? पण सोनूच्या आईजवळ तिची पट्टी होती. त्या पट्टीवर वाटीच्या रेघेला ठिपका नव्हता, आणि तिने ती गोष्ट एकदा नव्हे तर नवऱ्याने, मुलीने आणि स्वतः, वेगवेगळ्या दिवशी करून पाहिली होती. तिने मला फोनवर सांगितले, “ताई, त्यांनी सोनूला हातात धरलंच नाही. मी धरलंय.”

मी इथल्या पथकातील डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितले की जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची ही योजना गावापुरती नाही. ज्या जिल्ह्यात बाळ आहे तिथल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्याला नेता येते. पंधरा दिवसांनी दुसरा खाडा पडला. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सोनूला पाहिले, बापाच्या फोनमधील चित्रफिती पाहिल्या आणि पट्टी टेबलावर ठेवून आईला विचारले, वाटी कोणत्या बाजूने दिली होती. आईने सांगितले, आधी समोरून, मग डावीकडून, मग उजवा हात धरून. त्यावर मॅडम म्हणाल्या की आम्ही हेच करणार होतो. हे वाक्य सोनूच्या आईने मला त्यानंतर किती वेळा सांगितले असेल! निदान डाव्या बाजूच्या सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असण्याचे, झाले. मेंदूच्या उजव्या भागाला जन्माच्या सुमारास इजा झाली असावी, असे त्यांना समजावून सांगण्यात आले, आणि आईच्या खाण्यापिण्याचा किंवा ग्रहणाचा याच्याशी संबंध नाही, हेही स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले. ते दुसरे वाक्य मी पुढे सोनूच्या आजीसमोर मुद्दाम मोठ्याने म्हटले.

उपचार म्हणजे औषध नव्हते, रोजचा खेळ होता. सोनू जागा असताना त्याच्याशी डावीकडून बोलायचे, खाऊ डावीकडून दाखवायचा, पालथा असताना डाव्या कोपरावर भार येईल असे ठेवायचे, अंगठा हळूच बाहेर काढून तळहात पुसायचा, आणि मॅडमनी सांगितलेला ठरावीक वेळ उजव्या हाताला मऊ मोजा घालून डाव्याने खेळू द्यायचे. बहिणीने हा मोजा स्वतःच्या जुन्या स्वेटरच्या बाहीचा शिवला. मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि ते गावी आले, तेव्हा सोनू आधाराशिवाय बसत होता आणि डाव्या हाताने वाटीला स्पर्श करत होता. धरत नव्हता, पण हात छातीपासून सुटला होता. तेव्हापासून पुढचे उपचार आमच्याच जिल्ह्यात सुरू झाले.

या सगळ्यात उलट बाजूची काळजीही घ्यावी लागते, ती थोडक्यात सांगते. पट्ट्या हाती आल्यावर बाया आपसात तुलना करू लागल्या आणि कोणाच्या बाळाने आधी पाऊल टाकले यावरून जावाजावांत धुसफूस झाली. तेव्हा मी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेली माहिती त्यांना सांगितली: भारतासह पाच देशांतील निरोगी मुले पाहिली तर आधाराशिवाय चालण्याचे वय सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळते, आणि शंभरातील चारेक मुले हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात. एका जुळ्यांच्या आईला तर पट्टीने रडवले होते. तिची बाळे सहा आठवडे आधी जन्मलेली होती आणि मी पट्टी जन्मतारखेपासून आखली होती. दिवस भरण्याच्या तारखेपासून नवी पट्टी आखून दिली तेव्हा दोन्ही बाळे रेघेच्या आत आली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत असेच मोजायचे असते. ती चूक माझी होती आणि त्या बाईचे तीन आठवडे त्यामुळे काळजीत गेले.

सोनू आता साडेतीन वर्षांचा आहे आणि अंगणवाडीत येतो. पहिले पाऊल त्याने विसाव्या महिन्यात टाकले. खिचडी खाताना डाव्या हाताने ताटली धरतो आणि उजव्याने खातो. पळू लागला की डावा अंगठा अजून आत जातो आणि टाच थोडी उचलते, म्हणून पायासाठी पट्टा दिला आहे आणि दर महिन्याला जिल्ह्याला जावे लागते. गेल्या हंगामात त्याची आई गावात राहिली आणि बाप अर्ध्या कोयत्यावर एकटा गेला. त्यामुळे उचल निम्मी मिळाली, आणि मागची थोडी अजून फिटायची आहे. यंदा ती दोघेही जाणार आहेत. सोनू आणि त्याची बहीण आजीजवळ राहतील, आणि व्यायाम आजी करून घेणार आहेत. गेले तीन आठवडे त्या रोज दुपारी अंगणवाडीत येऊन माझ्यासमोर ते करून दाखवतात.

यावर्षी फडावर जाणारी एका वर्षाच्या आतली नऊ बाळे आहेत. सात पट्ट्या तयार झाल्या आहेत. एका बाळाच्या जन्माचे आठवडे दवाखान्याच्या कागदावर नीट लागत नाहीत, म्हणून आशाताईंकडून गरोदरपणातील नोंद मागवली आहे. दुसऱ्याचा बाप अजून मेळाव्याला आलेला नाही, त्याच्याकडे मी उद्या सकाळी जाणार आहे. गाड्या शनिवारी भरतील असे मुकादम सांगतो.